घराची बेगमी

मृग लागण्यापूर्वीचे पंधरा दिवस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ज्याने एकदा तरी काढले आहेत, त्याला 'बेगमी' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. घराची शाकारणी उरकायची, फाटी आणि गोवऱ्या पडवीच्या आत रचून ठेवायच्या, कणगीतल्या तांदळाला एकदा ऊन दाखवून तो पुन्हा भरायचा, वाल, मीठ, कांद्याच्या माळा, सुकट आणि बोंबील यांची तजवीज करायची, आणि एवढे यथासांग झाल्यावर माथेरानच्या डोंगरावरून उल्हासेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या पावसाकडे निर्धास्त मनाने पाहत बसायचे, असा हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला. ज्या घरात बेगमी अपुरी पडे त्या घरातल्या कर्त्याला श्रावण उजाडण्यापूर्वीच सावकाराच्या ओट्यावर जावे लागे, आणि दिढीने घेतलेले भात सुगीच्या खळ्यावरच मोजून द्यावे लागे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या काढल्या त्या या दिढीचा फास सोडवण्यासाठीच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात त्यांना हौतात्म्य आले, म्हणून त्यांचे नाव आपण हुतात्म्यांच्या मालिकेत आदराने घेतो. परंतु या मुलखाच्या अर्थव्यवहाराच्या इतिहासातही त्यांचे एक पान आहे, याचे स्मरण आपल्याला क्वचितच होते.

आज येथील तरुणाच्या पोटाची बेगमी किराणा दुकानदार बारमाही करतो. त्या तरुणाला स्वतः करावी लागते ती बेगमी निराळी आहे. स्वतःच्या नावाचे दोन खोल्यांचे घर घ्यायचे तर बँकेच्या दारात उभे राहण्यापूर्वी जी ठोक रक्कम गाठीला असावी लागते, तिला बँकेत 'मार्जिन' म्हणतात, जाहिरातीत 'डाउन पेमेंट' म्हणतात, आणि नेरळ किंवा भिवपुरी रोड स्टेशनाबाहेर छत्रीखाली टेबल मांडून बसलेला दलाल तिच्याविषयी फारच नेमका प्रश्न विचारतो : "साहेब, तुमचे स्वतःचे किती आहेत?" या प्रश्नाचे उत्तर देताना भल्याभल्यांची मान खाली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. शिक्षकांच्या एका पतपेढीचा मी काही वर्षे मानद चिटणीस होतो, त्यामुळे माणसे आपल्या शिलकीविषयी बोलताना कोणत्या शब्दावर अडखळतात, याचा थोडाबहुत परिचय मला आहे.

आमच्या शेजारी, खोपोलीत, भाड्याच्या खोलीत एक जोडपे राहते. तो एका कारखान्यात पाळीवर जातो, ती एका दवाखान्यात नोंदीच्या खिडकीवर बसते. रोज रात्री आठच्या सुमारास पतसंस्थेचा पिग्मीवाला जिन्याखालूनच "वहिनी" म्हणून हाक मारतो, आणि ती स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या चहाच्या रिकाम्या डब्यातून त्या दिवसाचे पैसे काढून देते. पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले असते; कारण घाटाखालच्या या गावात आषाढात कागदालाही बुरशी येते. महिन्याकाठी ही शिल्लक ८,००० रुपये होते आणि दर महिन्याला ती आवर्ती ठेवीत वळती होते. सिनेमा नाही, हॉटेल नाही, गावच्या जत्रेला जाणेही एक वर्षाआड. मला या संसाराविषयी आदर वाटतो, आणि म्हणूनच त्यांनी एकदा माझ्यासमोर वहीत मांडलेला हिशेब मी येथे विस्ताराने देतो.

त्यांच्या मनातली सदनिका २५ लाखांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या मूल्याच्या फार तर ९० टक्के देता येते. म्हणजे साडेबावीस लाख बँक देईल असे गृहीत धरू, आणि उरलेले अडीच लाख त्यांचे. येथपर्यंत सर्वांनाच ठाऊक असते. पुढचा भाग मात्र दलाल सांगत नाही. साठेखत नोंदवताना मुद्रांक शुल्क भरावे लागते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते काही कमी, नगरपरिषदेच्या हद्दीत काही अधिक. आपण सरासरीने पाच टक्के धरू, तर सव्वा लाख झाले. नोंदणी फी एक टक्का, परंतु ३०,००० रुपयांहून अधिक नाही; म्हणजे येथे २५,०००. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर वस्तू व सेवा कर एक टक्का, आणखी २५,०००. घराची किंमत दहा लाखांहून अधिक असेल तर मुद्रांक आणि नोंदणी यांचा खर्च घराच्या मूल्यात धरून त्यावर कर्ज देण्याची मुभा बँकेला नाही. म्हणजे हा सारा पैसा त्या चहाच्या डब्यातूनच यावयाचा. एकूण रक्कम सव्वाचार लाखांची झाली, आणि तिच्यातले पावणेदोन लाख घराचे नव्हेत, सरकारचे आहेत! वकिलाची फी, विजेचे मीटर आणि गृहनिर्माण संस्थेची वर्गणी हे खर्च मी धरलेलेच नाहीत.

आता मासिक ८,००० रुपये साडेसहा टक्के व्याजाने चार वर्षे साठवले तर सुमारे ४ लाख ३७ हजार होतात. गणित जुळले असे वाटून त्या दोघांनी वही मिटली होती. ती पुन्हा उघडण्याचा अप्रिय उद्योग मला करावा लागला. कारण चार वर्षे घराची किंमत काही आपल्यासाठी थांबत नाही. समजा ती दरसाल सात टक्क्यांनी चढली, तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस तीच सदनिका पावणेतेहतीस लाखांची होते, आणि प्रारंभीच्या सर्व रकमा मिळून साडेपाच लाखांवर जातात. सव्वा लाखाची तूट. बरे, आणखी दोन वर्षे दम धरला तर? सहा वर्षांत शिल्लक सात लाखांची होते. पण किंमत साडेसदतीस लाखांवर पोहोचलेली असते. येथे नियमाची एक मेख आहे. कर्ज ३० लाखांच्या वर गेले की बँकेची मर्यादा ९० वरून ८० टक्क्यांवर उतरते. त्यामुळे घर सव्वातेहतीस लाखांचे असो की साडेसदतीस लाखांचे, बँकेचे हात तीस लाखांच्या आसपासच अडतात, आणि मधल्या टप्प्यात वाढलेला जवळजवळ प्रत्येक रुपया खरेदीदाराच्या पदरचा होतो. साडेसात लाख पदरचे, त्यावर शुल्के आणि कर मिळून अडीच लाख. म्हणजे दहा लाख हवेत आणि हाताशी सात आहेत. चार वर्षांनी सव्वा लाखाची असलेली तूट सहा वर्षांनी तीन लाखांची झाली. जितके अधिक दिवस काटकसर करावी तितके घर अधिक दूर जावे, असा हा विलक्षण व्यवहार आहे, आणि त्याला आळशी किंवा उधळ्या माणसाचे उदाहरण म्हणून कोणी नावे ठेवू शकणार नाही.

किंमत चढते ती का, याचा शोध घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या मुलखाला दळणवळणाचे भाग्य जुनेच आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा घाट चढायला रूळ नव्हते. पुढे १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत उभे राहिले आणि १९२२ मध्ये भिवपुरीला दुसरे. त्या काळी रेल्वे आणि वीज यांच्यामागून कारखाने आले, कारखान्यांमागून कामगारांच्या चाळी आल्या, आणि घर ही गोष्ट कामाच्या मागून चालत आली. आता क्रम उलटला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, अटल सेतू २०२४ साली खुला झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले, पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचे काम हाती घेतले गेले. आणि या प्रत्येक वार्तेबरोबर येथे कारखाना वाढण्यापूर्वी जमिनीचा भाव वाढला. खालापूर तालुक्यातली काही गावे विमानतळाभोवतीच्या 'नैना' या अधिसूचित क्षेत्रात गेल्याने तेथेही भावाने उचल खाल्ली. शनिवारी सायंकाळी दिवे लागणारे आणि सोमवारी पहाटे कुलूप पडणारे बंगले पेज नदीच्या काठाने किती उभे राहिले आहेत, ते कशेळ्याच्या रस्त्याने एकदा जाऊन पाहावे. दुसरे घर घेणाऱ्याला पहिल्या रकमेची विवंचना नसते, कारण त्याचे पहिले घरच तारण असते. पहिले घर घेणारा आणि दुसरे घर घेणारा हे एकाच बाजारात, एकाच भावाने बोली लावतात, आणि त्यांतला एक जण पिग्मीच्या पासबुकातून बोली लावत असतो.

गंमत अशी की, मुंबईत ज्यांना घर मिळू शकत नाही त्यांच्यासाठी सरकारलाही हाच मुलूख आठवतो. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांसाठी कर्जत तालुक्यातल्या शेलूला आणि शेजारच्या वांगणीला घरे बांधण्याची योजना शासनाने पुढे केली, तेव्हा आम्हाला आमच्या घामाच्या मुंबईतच घर हवे, असे म्हणून कामगार संघटनांनी तिला विरोध केला. त्यांचा विरोध मला समजतो. परंतु ज्या गावाला मुंबईचा कामगार शिक्षा समजतो, त्या गावात घर घेण्यासाठी तेथल्याच कामगाराची मुलगी सहा वर्षे डबा भरते आहे, याची खबर त्या चर्चेत कोणालाही नव्हती.

अशा वेळी माणूस आडवाटा शोधतो, आणि आडवाटा दाखवणारे भरपूर असतात. 'शून्य डाउन पेमेंट' असे लिहिलेले फलक कर्जत स्टेशनाच्या पुलावरून सहज दिसतात. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, साठेखतात किंमत फुगवून दाखवायची आणि फुगवलेल्या किमतीवर बँकेकडून कर्ज उचलून पदरचा हिस्सा कागदोपत्री भरल्याचे भासवायचे. यात बँकेची फसवणूक होते ती होतेच. पण फुगवलेल्या रकमेवर मुद्रांक शुल्क आणि वीस वर्षांचे व्याज खरेदीदारच भरतो, हे त्याच्या ध्यानात फार उशिरा येते. दुसरी वाट वैयक्तिक कर्जाची, तिसरी सोने गहाण ठेवण्याची. एखादा डाग मोडून घराला लावणे यात मला वावगे दिसत नाही. आपल्या आज्यांनी पाटल्या आणि गोठ केले ते अशाच प्रसंगासाठी. परंतु पदरचा हिस्साच व्याजाने आणणे म्हणजे बेगमीसाठी दिढीचे भात उसने घेणे होय. एका घराचे दोन हप्ते सुरू झाले की पहिल्याच आजारपणात त्यांतला एक चुकतो, आणि मग तारण कोणाचे, याची आठवण बँक करून देते.

चौथी वाट मी स्वतः चाललो आहे, म्हणून तिचे वर्णन अधिकाराने करतो. १९९६ साली नेरळच्या बाजूला एका बांधकाम व्यावसायिकाकडे मी ५१,००० रुपये 'टोकन' म्हणून दिले. हातात मिळाली ती छापील नावाच्या कागदावर शाईने लिहिलेली पावती. तिच्यावर तिकीट होते, सही होती, आणि कोपऱ्यात गणपती होता. जोत्यापर्यंत बांधकाम आले आणि थांबले. पुढे कित्येक वर्षे दर रविवारी मी आणि माझी पत्नी त्या जोत्यावर जाऊन, येथे स्वयंपाकघर, येथे देवघर, असे म्हणत उभे राहत असू. शेवटी त्या जोत्यावर कोणी तरी पेंढा वाळत घालू लागला तेव्हा आम्ही जाणे सोडले. रक्कम परत मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी, व्याजाविना. वास्तविक त्या काळीही १९६३ चा मोफा कायदा अस्तित्वात होता आणि लेखी, नोंदवलेल्या कराराखेरीज विसार म्हणून पैसे घेण्यास त्याने मनाई केलेली होती. पण शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मला ते ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना ते सांगायचे नव्हते. आज स्थिती पुष्कळ बरी आहे. २०१६ च्या स्थावर संपदा ('रेरा') कायद्याच्या कलम १३ अन्वये नोंदणीकृत साठेखताशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के भाग जमीन आणि बांधकाम यांसाठी निराळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि ठरलेल्या मुदतीत ताबा न मिळाल्यास सव्याज परतावा मागण्याचा अधिकार कलम १८ ने दिलेला आहे. तथापि हा कायदा नोंदणीकृत प्रकल्पापुरता आहे. शेतजमिनीचे एक-एक गुंठ्याचे तुकडे 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकणाऱ्याकडे ज्याने आपली सहा वर्षांची शिल्लक दिली, त्याला तुकडेबंदीचा कायदा आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास प्रतिबंध करणारे कूळकायद्याचे कलम ६३ ही दोन्ही नावे प्रथमच ऐकू येतात ती तलाठ्याने फेरफार नाकारल्यावर.

या सर्व कथेत ज्यांचा उल्लेख सहसा होत नाही, असा एक समाज या दोन तालुक्यांत आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. भट्टीमालकाने पावसाळ्यातच दिलेली 'उचल' अंगावर असते, आणि ती विटा पाडून फेडायची असते. आपण घरासाठी आगाऊ रक्कम देतो. ते आपले श्रम आगाऊ विकतात. ज्यांच्या हातच्या विटांनी दुसऱ्यांच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या वाडीखालची जमीन मात्र अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर भलत्याच्याच नावाने असते, आणि तो जमीनमालक ती विकायला काढील त्या दिवशी पिढ्यान्पिढ्यांची वस्ती 'अतिक्रमण' ठरते. त्यांच्या बाबतीत बचतीचा उपदेश करणे हा अप्रस्तुतपणा आहे. त्यांना गावठाणाचा हक्क द्यावा लागेल, आणि तो प्रश्न बँकेचा नसून कलेक्टरच्या कचेरीचा आहे.

जो साठवू शकतो आणि साठवतो आहे, त्याच्याकडे पुन्हा वळू. एकट्याने रक्कम साठवून घर बांधणे सामान्य माणसाला कधीच जमले नाही, याला इतिहासाची साक्ष आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे १७७५ च्या सुमारास रिचर्ड केटली नावाच्या खानावळवाल्याच्या गुत्त्यात जमणाऱ्या मंडळींनी दरमहा वर्गणी काढून एकेकाचे घर बांधण्याचा प्रघात पाडला; आपल्याकडच्या भिशीहून तो फारसा निराळा नव्हता. आपल्या मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली, तीही परस्परांच्या भरवशावरच. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर चलनाचा पाचोळा झाला असता, व्युस्टेनरोट या खेड्यात गेओर्ग क्रोप या गृहस्थाने अशी संस्था उभारली की, सभासदाने ठरलेल्या मुदतीत ठरलेला हिस्सा साठवला की उरलेला भाग त्याला ठरलेल्या अल्प व्याजाने मिळालाच पाहिजे. तेथील पद्धत आजही चालू आहे. आपल्या राष्ट्रीय आवास बँकेनेही १९८९ साली याच तत्त्वावर गृहकर्ज खाते योजना काढली होती. पाच वर्षे नियमाने भरणा करणाऱ्याला त्याच्या शिलकीच्या प्रमाणात कर्जाचा हक्क मिळे. पुढे ती बंद पडली. कर्ज मुबलक झाले, तेव्हा बचतीची कोणाला गरज वाटली नाही, असा तिच्या अस्ताचा अर्थ मी लावतो. तो चुकीचाही असेल. परंतु आज कर्ज देणाऱ्या बँका दारोदार फिरत असता कर्जापूर्वीची शिल्लक हातात घेऊन 'आणखी इतके भर, मग घर तुझे' असे ठामपणे सांगणारी एकही संस्था या जोडप्याला सापडत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पतसंस्थेच्या पिग्मीचा उपयोग पैसे साठण्यापुरता होतो. त्या शिलकीला कोणत्याही कर्जाचा हक्क चिकटलेला नसतो.

केंद्र शासनाने केले ते व्याजात सवलत देण्याचे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०२२ पर्यंत २ लाख ६७ हजारांपर्यंतचे व्याज-अनुदान मिळे. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते १ लाख ८० हजारांपर्यंत आहे आणि पाच हप्त्यांत मिळते. या साहाय्याला मी नावे ठेवणार नाही. तथापि हे अनुदान मिळते ते कर्ज झाल्यानंतर, म्हणजे उंबरठा ओलांडलेल्याला. उंबरठ्याबाहेर अडलेल्याकडून राज्य शासन मुद्रांकाचा सव्वा लाख रोख मागून घेते. एका सरकारने पाच हप्त्यांत द्यावयाचे आणि दुसऱ्याने एकरकमी घ्यावयाचे, या व्यवहारात कोणाची सोय पाहिली आहे?

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या कुटुंबात पतिपत्नी दोघांच्याही नावावर कोठेही घर नाही, त्याच्या पहिल्या घराचे मुद्रांक शुल्क शासनाने साठेखताच्या वेळी एकरकमी न घेता पाच वर्षांच्या हप्त्यांनी घ्यावे, आणि तोवर त्या रकमेचा बोजा घराच्या दस्तावर ठेवावा. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढवण्याची आणि उतरवण्याची विद्या आपल्या महसूल खात्याला नव्याने शिकवावी लागणार नाही. मर्यादा शोधण्यासाठी समितीही नको. ४५ लाखांपर्यंतचे आणि महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचे घर 'परवडणारे' मानून त्यावर एक टक्का कर घेण्याची व्याख्या २०१९ पासून कायद्यात आहेच. महसूल बुडेल हा आक्षेप येथे लागू पडत नाही, कारण रक्कम माफ करा असे मी म्हणत नाही. आणि माफीचेच म्हणाल तर करोनाच्या वर्षी, १ सप्टेंबर २०२० पासून याच शासनाने शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले होते, पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत ते तीन टक्के ठेवले. त्या सवलतीत मलबार हिलची सदनिका आणि डोलवलीची सदनिका असा भेद नव्हता. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सूट आहे, ती राहावीच. सवलत कोणाला द्यायची हे ठरवण्याची शक्ती शासनापाशी आहे. पहिल्या घराचा आणि सहाव्या घराचा खरेदीदार निराळा ओळखण्याची इच्छा मात्र अद्याप दिसलेली नाही.

शेजारच्या वहिनींना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, मग आम्ही पिग्मी चालू ठेवू ना?" मी हो म्हणालो. वयाच्या आणि अनुभवाच्या नात्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या : पहिली, प्रकल्पाचा महारेरा क्रमांक स्वतः तपासल्याखेरीज आणि साठेखत नोंदवल्याखेरीज दहा टक्क्यांपुढचा एक रुपया कोणाच्या हाती द्यायचा नाही, मग पावतीवर गणपती असो की महालक्ष्मी; दुसरी, पदरचा हिस्सा व्याजाने आणायचा नाही. तिसरी गोष्ट त्यांच्या हातात नाही, म्हणून ती येथे लिहिली. या भागाचे मत मागायला येणाऱ्या आणि विधिमंडळात बसणाऱ्या लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात महसूलमंत्र्यांना एवढे एकच विचारावे : जे शासन साखर कारखान्याला मुदतवाढ देऊ शकते, ते पहिले घर घेणाऱ्या कामगाराकडून आपले सव्वा लाख रुपये साठ हप्त्यांत का घेऊ शकत नाही?